मिनिटबाईंसाठी तीन ग्लास पाणी

— नाही, नाही, अजून नाही. तिसरा ग्लास संपवा आधी. अर्धा ठेवून कसं चालेल? तपासणी म्हणजे तपासणी — लघवीची पिशवी भरलेली पाहिजे, मग डॉक्टरबाई तुम्हाला उभं करणार, खोकायला सांगणार आणि बघणार, गळतं का, किती गळतं, खोकल्याबरोबर लगेच की मागून सावकाश. रिकाम्या पिशवीवर काय कळणार, डोंबल? प्या. हां, असं. शहाण्या आहात. आता मागे टेका, निवांत बसा. — तो आवाज होय? खुर्चीवर प्लॅस्टिक घातलंय. हललं की वाजतं. बसलं की कर्र, उठलं की कर्र. सवय होते हो. मला झाली होती.

चला, तोवर फॉर्म भरून घेऊ. डॉक्टरबाई साडेअकराला येतात, आत्ता अकराला पाच कमी आहेत. पस्तीस मिनिटं. पस्तीस मिनिटं म्हणजे काय हो, चुटकीसरशी जातील. — वय अडुसष्ट. बरोबर? मुलं तीन. वजन मी मघाशी घेतलंच. आता सांगा, शिंकलं, खोकलं, हसलं, बादली उचलली की होते? की घाईची आहे — म्हणजे आली म्हणता आली, घरापर्यंत कशीबशी दम धरला आणि दारात किल्ली घातली की तिथेच सुटली, अशी? — दोन्ही. लाजू नका, दोन्ही बहुतेकींना असतं. नुसती मान हलवलीत तरी चालेल, मी समजून घेते. मान हलवण्यावरून माणूस काय म्हणतो ते ओळखायला मी फार वर्षांपूर्वी शिकले. बत्तीस मशिनींचा खडखडाट असेल तर दुसरं काय करणार?

कधीपासून आहे? — दोन वर्षं? दोन लिहू? बघा हं. बरं, लिहिते. पेन्सिलीनं लिहिते. पुढेमागे खोडावं लागलं तर.

पाणी किती पिता दिवसाला? — तेच. सगळ्या तेच करतात. गळतं म्हणून पाणी तोडायचं. मीही तोडलं होतं. सकाळी घरातून निघताना दोन घोट, मग थेट संध्याकाळी. जीभ टाळूला चिकटायची. आणि होतं काय, सांगू? पाणी नाही म्हणून लघवी होते घट्ट, पिवळीजर्द, ती पिशवीला आतून चावते, आणि पिशवी भरली नसतानाच बोंब मारते — उठ, उठ! म्हणजे ज्या भीतीनं पाणी सोडलं तीच चौपट होऊन परत येते. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. डॉक्टरबाईंनी हे मला सांगितलं तेव्हा मी या इथेच, याच टेबलावर डोकं ठेवून रडले होते. नऊ वर्षं, बाई! नऊ वर्षं मी तहानलेली राहिले, आणि तेच चुकत होतं. मला कुणी हे सांगितलंच नव्हतं. आम्हाला एवढंच सांगितलेलं — कमी प्या, कमी जा.

— पाय नका हलवू. पाय हलवले की उलट जास्त लागते.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही, ते आधीच सांगते. मी इथली वहीवाली. नवी बाई आली की तिला वही द्यायची आणि लिहायला शिकवायचं, हे माझं काम. किती वाजता काय प्यायलं, किती वाजता गेलं, मापात किती भरलं, मधे कधी गळलं, तेव्हा काय करत होतो. तीन दिवसांची नोंद. त्यावरून डॉक्टरबाईंना निम्मा रोग कळतो. मला हे काम कसं मिळालं तीही एक गंमतच आहे. मी पहिल्यांदा पेशंट म्हणून आले ना, तेव्हा त्या म्हणाल्या, तीन दिवस लिहून आणा. मी म्हटलं, डॉक्टरबाई, आणलंय. आणि पिशवीतून वह्या काढून ठेवल्या — चौदा. शाळेच्या दोनशे पानी. त्या बघतच राहिल्या. बायका अर्धा दिवस लिहितात आणि कंटाळतात म्हणे, तुम्ही नऊ वर्षांचं आणलंत! मापंही माझीच होती. थेंब, चमचा, वाटी. थेंब म्हणजे कुणाला कळत नाही, चमचा म्हणजे आपल्याला कळतं, वाटी म्हणजे सगळ्यांना कळतं. डॉक्टरबाई हसल्या, पण माझ्यावर नाही हसल्या. आणि म्हणाल्या, माझ्याकडे कामाला याल का?

का लिहिलं एवढं? सांगते ना. वेळ आहेच आपल्याकडे.

मी शर्टांच्या कारखान्यात होते. कॉलर लावायचे. एका लायनीत बत्तीस बायका — कुणी खिसा, कुणी काज, कुणी बाही. लायनीच्या टोकाला सुपरवायझरचं टेबल, टेबलाच्या मागे खिळा, आणि खिळ्यावर एक लाकडी रीळ, लाल दोरा गुंडाळलेलं. अख्ख्या लायनीला एकच. ते गळ्यात अडकवायचं आणि जायचं. कुणी गेलेली असली की बाकीच्या एकतीस जणींनी धरून बसायचं. आणि रीळ आपलं आपण घ्यायचं नाही हं! उभं राहायचं, हात वर करायचा, आणि अख्ख्या लायनीसमोर विचारायचं — बाई, जाऊ का? बाई आधी घड्याळाकडे बघायच्या. मग आपल्याकडे. मग परत घड्याळाकडे. कधी मान हलायची, कधी नाही. चार मिनिटं मिळायची. पाचवं लागलं की फळ्यावर नाव. शनिवारी फळा वाचून दाखवायच्या, सगळ्यात जास्त मिनिटं कुणाची. मिनिटबाई म्हणायचो आम्ही त्यांना. पाठीमागे. तोंडावर कोण म्हणणार, कुणाची छाती होती?

— तुम्ही घड्याळाकडे बघताय. मला वाटलंच, बघाल. अकरा वाजून सात.

फॉर्ममधलं राहिलंय अजून थोडं. बद्धकोष्ठ? खोकला? चहा किती वेळा? — पाच? कमी करावा लागेल. चहानं पिशवी खवळते. मी दोनावर आणला. नवरा म्हणाला, तुझं हे काय नवीन खूळ, वय झालं की सगळ्यांचंच गळतं. मी म्हटलं, घराचं छप्पर गळलं तेव्हा वय झालं म्हणून बसून राहिला होतात का? माणूस आणला, शिडी लावली, कौलं बदलली. तेवढीसुद्धा किंमत नाही का माझी? बिचारा वाईट नाही तसा. पण सगळ्यांना असंच वाटतं ना, की हे बाईच्या नशिबातच शिवून दिलंय. अहो, कापडी पिशवीचं बूड असतं तसं आहे ते. बाळंतपणात ताणलं, पाळी गेल्यावर विरलं, ओझी उचलून सैल पडलं. उसवलेलं बूड कोणी फेकून देतं का? दुहेरी शिलाई घालतं. इथे सुईदोरा नसतो एवढंच. तळचे स्नायू असतात, ते आवळायचे, जसं वायू अडवतो आणि लघवी अडवतो, दोन्ही एकदम — आत आणि वर. पोट नाही आवळायचं, मांड्या नाही, श्वास तर बिलकुल नाही कोंडायचा. दहा मोजायचं, जमत नसेल तर तीन, मग तेवढाच वेळ सैल सोडायचं. दिवसातून तीन वेळा, दहा-दहा. आणि निदान तीन महिने. पंधरा दिवसांत काही होत नाही म्हणून सोडतात ना, त्यांचंच काही होत नाही. मी तर सुरुवातीला भलतंच करत होते, लघवी करता करता मधेच धार अडवायची. मला वाटायचं, हाच व्यायाम. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. कधी एकदा बघायला ठीक, रोज करायचं नाही, पिशवी धड रिकामी होत नाही त्यानं. माझ्या वहीत चार महिन्यांनी पहिलं कोरं घर आलं — गळती: नाही. त्या घराभोवती मी चौकट काढली. आता तर मी शिंकते, हसते, पाण्याचा हा जग एका हातानं उचलते, आणि काही होत नाही. थेंबसुद्धा नाही.

काय? — लागलीय? लागणारच. तीन ग्लास झाले. पण तपासणी आहे ना, बाई.

किल्ली? संडासाची किल्ली आहे ना माझ्याकडे. बाहेरचे लोक घुसतात म्हणून किल्ली माझ्याकडेच असते, या ड्रॉवरमध्ये. दाखवते. हे बघा. किल्ली छोटी आहे, हरवते, म्हणून मी तिला हे बांधलंय.

ओळखलंत?

नाही कसं? नीट बघा. लाकूड तेच. दोरा मधे दोनदा बदललाय, रंग मात्र तोच ठेवला. सोडताना शेवटच्या दिवशी मी ते खिळ्यावरून काढलं आणि डब्यात घालून घरी आणलं. तुम्ही नंतर शोधलं असेल. — आता कशा बघताय माझ्याकडे! आता चष्मा पुसताय. हो, मीच. कॉलरवाली. नाही, ते नाव तुमच्या लक्षात नसेल, तुम्ही मला दुसरंच दिलं होतं. फळ्यावर लिहिलं होतं तुमच्या त्या वळणदार अक्षरात. गळका नळ.

बसा. उठू नका. उठलात की खोकल्यापेक्षा वाईट होतं, तुम्हाला माहितेय. बसा म्हटलं ना.

यादीत तुमचं नाव मी सोमवारीच वाचलं. चार दिवस झाले. चार दिवस मी मनात मांडे खात होते. ही खुर्ची इथे कोणी ठेवली? मी. त्यावर प्लॅस्टिक कोणी घातलं? मी. बाकीच्या बायकांना मी धुतलेली सुती चादर देते, इस्त्री केलेली. तुमच्यासाठी मात्र मुद्दाम शोधून आणलं, शर्टांच्या गठ्ठ्यावर असतं ना, तसलंच पातळ, वाजणारं. आठवतंय? बाहीवालीनं काहीतरी सांगितलं, मला हसू आवरेना, आणि हसता हसता खुर्ची ओली झाली. पहिल्यांदाच, बाई! धाकटा सहा महिन्यांचा होता तेव्हा. तुम्ही आलात, बघितलंत, ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. शांतपणे गेलात, गठ्ठ्यावरचं प्लॅस्टिक ओढून आणलंत आणि माझ्या खुर्चीवर टाचण्यांनी टाचून दिलंत. कापड खराब होऊ नये म्हणून. नऊ वर्षं मी त्यावर बसले. मशिनी बंद झाल्या, जेवणाची घंटा झाली, सगळीकडे शांत, आणि मी उठले की — कर्र. एकतीस माना वळायच्या. मग मी उठेनाशीच झाले. जेवणाच्या सुट्टीतही बसून राहायचे. बसून बसून अजून वाढलं.

आणि वह्या का लिहिल्या, विचारलंत ना मघाशी? की मीच म्हटलं? तुमच्या फळ्यासाठी लिहिल्या. तुम्ही माझी नऊ मिनिटं लिहायचात आणि मी घड्याळात पाहिलेली असायची पाच. म्हटलं, कधीतरी कोणासमोर तरी ठेवीन. सगळं आहे. तारीख, वार, किती वाजता हात वर केला, तुम्ही किती वेळा घड्याळाकडे बघितलंत, हो म्हणालात की नाही. चौदा वह्या. माझ्या गळतीची नोंद आहे तशी तुमच्या मानेचीही आहे. हलली, नाही हलली, नाही हलली, नाही हलली.

— अकरा एकोणीस. हातपाय गार पडतात ना? कपाळावर घाम. मला माहितेय, मला प्रत्येक पायरी माहितेय. आता एक लाट येईल, मग जरा ओसरेल, मग दुसरी मोठी. ओसरेल तेव्हाच निघायचं असतं. बायका नेमक्या लाट वर असतानाच धावतात आणि तिथेच — थांबायचं असतं उलट. पायाची बोटं जमिनीत रोवायची, तळ आवळायचा पटपट पाच-सहा वेळा, श्वास सोडत, आणि मन दुसरीकडे, शंभरापासून उलटे आकडे — हे काय, मी काय शिकवत बसलेय तुम्हाला? तोंडाची सवय. ऐकू नका.

नाही, ऐका.

एक सांगते, तपासणीला तीन ग्लास लागत नाहीत. एक पुरतो. आणि खरं सांगायचं तर आज तुमची तपासणीच नाही. तुमच्या कागदावर डॉक्टरबाईंनी लिहिलंय — वही समजावून द्या, पुढच्या आठवड्यात बोलवा. पाणी मी पाजलं. बोलून गेले, आता बोलूनच गेले, तर पुढचंही ऐका. साडेअकराला डॉक्टरबाई एकट्या येत नाहीत. आज शिकाऊ नर्सांचा दिवस. सहा मुली असतात, हातात वह्या, पांढरे कोट. दार उघडेल आणि त्या सहाजणी उभ्या असतील. मला बत्तीसजणी मिळाल्या नाहीत, सहा तर सहा. मी अगदी मोजून ठेवलंय — तीन ग्लास, पस्तीस मिनिटं, तुमचं वय. माझं मोजमाप चुकत नाही.

पण सुटका आहे हं तुमच्यासाठी. माझं मन एवढं काही दगडाचं नाही. उभं राहायचं, हात वर करायचा, आणि म्हणायचं — बाई, जाऊ का? तीन शब्द. इथे तर कोणी ऐकायलाही नाही, मी एकटी. रीळ तुमच्या हातात देईन. बघा, देतेच आहे.

— नाही म्हणणार? मान नाही हलवली. ओठ मिटलेत. वा! ताठा गेला नाही अजून. सुंभ जळलं, पीळ तसाच.

बरं, मग मी पेन्सिल खोडते. दोन वर्षं म्हणालात ना? हे तुमचे जुने कागद, नाव नोंदवताना तुम्हीच दिलेत, मी मागितले नव्हते. चौदा वर्षांपूर्वीची शस्त्रक्रिया. पिशवीचं तोंड वर उचलून बांधलं. गळतीसाठी. चौदा वर्षांपूर्वी, बाई! तुम्ही महिनाभर रजेवर होतात तेव्हा. आम्हाला वाटलं, पाठ धरलीय. तुम्ही दिवसभर उभ्या असायचात, कधी बसायचा नाहीत, आम्ही म्हणायचो, काय ताकद बाईची! आता कळलं, का बसत नव्हतात. तुम्हालाही होतं. आमच्याइतकंच, बहुधा आमच्याहून जास्त. आणि रीळ तुमच्या हाताशी होतं, तुम्हाला कोणाला विचारायचं नव्हतं. एखादी बाई जिला हे कधी झालंच नाही ती क्रूर वागली तर मी एक वेळ म्हणेन, तिला काय ठाऊक? पण तुम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असून घड्याळाकडे बघितलंत. सोमवारी हा कागद वाचला आणि मी ठरवलं, दोन नाही, तीन ग्लास.

काय? — कोण होतं? कसलं कोण? — त्या महिन्यात रीळ कोणाकडे होतं, असं विचारताय?

तुमची स्मरणशक्ती चांगली आहे.

माझ्याकडे. तुम्हीच दिलं होतं ना जाताना. सगळ्यात कमी उठते म्हणून. प्लॅस्टिकवर बसून राहणारी, हिला उठायचं नसतं, ही बरोबर राखेल. आणि राखलं. साहेब म्हणाले, महिन्यात लायनीचे नग वाढले तर तुला कायमची करतो. मी सगळ्यांना हो म्हणायचे हं, पहिले आठ दिवस. सगळ्यांना हो. मग नग कमी भरले. मग मी — एकदाच घड्याळाकडे बघितलं. एकदाच.

बाहीवाली. माझ्या डावीकडच्या मशीनवरची. तुम्हाला आठवत असेल, जोरात हसायची, दात पुढे होते. तुम्हाला एक माहीत नाही. तुमच्या त्या सगळ्या वर्षांत तुम्हाला ते कधी कळलं नाही. मला झालं ना, की ती लगेच तिची पाण्याची बाटली माझ्या मांडीवर उलटी करायची आणि बोंब ठोकायची — अगं बाई, सांडलं गं! मग सगळे हसायचे, पाण्याला हसायचे. मी भिजलेली असायचे, पण पाण्यानं. तुमच्या फळ्यावर तिचं नाव असायचं, धांदरट म्हणून. किती वेळा केलं तिनं असं? वहीत आहे. एकवीस वेळा. दर वेळी तिचं दिवसभराचं प्यायचं पाणी जायचं.

तिला दुसरं झालं होतं, दोन महिनेही झाले नव्हते, कामावर आली. उभी राहिली, हात वर केला. म्हणाली — बाई, जाऊ का? मला बाई म्हणाली. गमतीनं म्हणाली, डोळा मारून. आणि मी घड्याळाकडे बघितलं, बाई. म्हटलं, पाच मिनिटं थांब, तासाचे नग पुरे होऊ देत. ती हसली, तिला वाटलं मी पण गंमत करतेय. मग बसली. मग तिला कळलं की मी गंमत करत नाहीये. मी तिच्याकडे न बघता पण बघत होते, तुम्हाला माहितेय कसं बघतात ते. तिच्या बाह्यांचा ढीग वाढत होता. मग तिचा हात मशीनवर थांबला. आणि लायनीतल्या सगळ्या वळल्या.

माझ्या टेबलावर बाटली होती. भरलेली. हाताच्या अंतरावर. मी उचलली नाही.

ती दुपारी गेली आणि परत आली नाही. घर बदललं म्हणे. मी शोधलं नाही, कोणत्या तोंडानं शोधू? त्या दिवसाचं पान कोरं आहे. चौदा वह्यांत तेवढं एकच पान. डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, हे का राहिलं? मी म्हटलं, आजारी होते. चौदा वर्षं मी हे तुमच्या खात्यावर टाकत आले. रीळ तुमचं, नियम तुमचा, घड्याळाकडे बघायला तुम्ही शिकवलंत. खरंच आहे ते! खोटं आहे का? तुम्ही नसतात तर — पण त्या दिवशी तुम्ही नव्हताच ना. तुम्ही दवाखान्यात होतात. मी होते. मला होतं, मला सगळं ठाऊक होतं, आणि —

हे मी तुम्हाला का सांगतेय? हे सांगायचं ठरलेलं नव्हतं. तुम्हाला सांगायचं होतं ते वेगळंच. बोला ना काहीतरी. हसा तरी. तुम्ही हसलात तर मला बरं वाटेल, मग मी तुम्हाला —

बाई?

हात कशाला वर करताय? आता? — नका. नका विचारू. खाली घ्या तो हात. खाली घ्या म्हटलं ना. अहो, बोटं रोवा जमिनीत, रोवा, श्वास सोडा —

— राहू दे. राहू दे, बाई. खाली बघू नका. माझ्याकडे बघा. आवाज होतोय त्याचा प्लॅस्टिकवर, ठाऊक आहे मला, नका ऐकू. अकरा अठ्ठावीस. आल्या. ती त्यांची पावलं. जिन्यावर आहेत. पायपुसणं नाही इथे, चादर आतल्या कपाटात, काय करू, कुठे — जग. जग आहे. डोळे मिटा —

अगं बाई! सांडलं गं बाई, सांडलं! अख्खा जग! — या, या डॉक्टरबाई — नाही, आत नका येऊ, घसराल! मुलींनो, तिथेच थांबा बाहेर. काय करू हो, माझ्या हातांना काही धरवत नाही आज, पेशंटच्या अंगावर सगळा जग ओतला मी, नखशिखांत भिजवलं त्यांना. धांदरट म्हणा मला. हो, पुसते मी. दार ओढून घ्या जरा, त्यांना गारठा लागेल. दोन मिनिटं. नाही — दोन नाही, लागतील तेवढी.

गेल्या. उठा आता. हे टॉवेल, ही चादर गुंडाळा कमरेला, सुती आहे. डावीकडचं दुसरं दार. कुलूप नाही त्याला, मोडलंय, सहा महिने झाले. नुसतं ढकलायचं. कारखान्यातल्या दारालाही नव्हतंच ना कधी. — आभार मानू नका, मी तुम्हाला माफबिफ केलेलं नाही. वही टेबलावर ठेवते, तीन दिवस लिहून आणा, खोटं लिहिलंत तर मला कळेल. जा.

— रीळ कशाला उचललंत? ठेवा ते. ठेवा खाली, बाई. तसंच जायचं.